खवल्यांचं हाड

नाखवा सर समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नसत, दातांकडे बघून बोलत. सवय नसलेला माणूस दोन मिनिटांत ओठ मिटून उत्तरं द्यायला लागे. मी नोकरीसाठी भेटायला गेले तेव्हा माझंही तेच झालं. माझं शिक्षण, मार्क, आधीचं काम, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. मी दोन वाक्यं बोलले असेन-नसेन, तोच म्हणाले, "मोरे, तुम्ही झोपेत दात खाता. पटाशीच्या दातांच्या कडा झिजल्यात. कसली एवढी काळजी असते?" ही नोकरी मिळेल की नाही याची, असं मी सांगून टाकलं. "मग ती आजपासून सोडा," असं म्हणून त्यांनी शिपायाला दोन चहा सांगितले. माझी नेमणूक झाली ती अशी. दात खाणं मात्र पुढे सरांमुळेच वाढलं.

डॉ. जनार्दन नाखवा ठाण्याच्या एका डेंटल कॉलेजात हिरड्या आणि जबड्याचं हाड हा विषय शिकवायचे. मी जंतूंचा अभ्यास केलेली, कल्याणची. त्यांच्या संशोधनात जंतू वाढवायचे, मारायचे आणि मेले की नाही ते मोजायचं, एवढं माझं काम. सर उंच, काळेसावळे, आवाज असा की कोपऱ्यातल्या विद्यार्थ्यालाही झोपायची सोय नसे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी तोंडात घालायचा छोटा आरसा. लग्नकार्यातही तो बरोबर असे, आणि जेवणावळीत कुणी एका बाजूने चावताना दिसला की सरांचा हात खिशाकडे जाई. सोबतच्या बाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, त्या आरशाची भारी लाज वाटायची.

एका वर्षी भीमजयंतीला सर आमच्या घरी कल्याणला आले. पोटभर जेवले, खीर दोनदा घेतली आणि मग माझ्या आजीला उचलून नेल्यासारखं खिडकीपाशी उजेडात नेलं. आजी डॉक्टरला हात लावू देणारी नव्हे. पण सरांनी नुसतं "आ करा" म्हटलं आणि तिने केलं. कवळी रुतते हे ती आम्हाला कधी बोलली नव्हती. सरांनी ती कवळी रुमालात गुंडाळून नेली आणि घासून, बसवून स्वतः परत आणून दिली. आजी शेवटपर्यंत त्यांना माझे साहेब न म्हणता दातवाला पोरगा म्हणायची. पोरगा तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता.

वर्गात शिकवताना ते म्हणायचे की तोंड म्हणजे ठाण्याचं मासळी मार्केट आहे. शेकडो जातीचे जंतू, प्रत्येकाची जागा ठरलेली, कोण कुणाशेजारी बसणार ते ठरलेलं. एक जागेवरून उठला आणि दुसऱ्याच्या पाटावर जाऊन बसला की भांडण. त्या भांडणाला आपण इन्फेक्शन म्हणतो. विद्यार्थी हसायचे. सर हसायचे नाहीत, कारण त्या मार्केटात त्यांचं बालपण गेलेलं होतं आणि त्यांची थोरली बहीण अजून तिथे पाटावर बसत होती.

तिचं नाव हिराबाय. सरांपेक्षा बरीच मोठी. आई टोपली घेऊन फिरायची, बाप खाडीत, त्यामुळे सरांना वाढवलं ते तिनेच. ते तिला नुसतं "बाय" म्हणत. आमच्या संशोधनाचा कच्चा माल हिराबायकडून यायचा आणि तो होता माशांची खवलं. जिताडा, रावस, घोळ साफ करताना जी खवलं गटारात जातात, ती ती आमच्यासाठी पिशवीत भरून बर्फावर ठेवायची. सर कॉलेजातून निघताना मार्केटात जाऊन ती घेत. सरांच्या घरातल्या फ्रीजचा एक कप्पा कायम खवल्यांनी भरलेला असायचा आणि बाई मला फोन करून विचारायच्या की तुमच्या प्रयोगशाळेत फ्रीज नाही का.

खवल्यांचं आम्ही काय करत होतो ते सर अगदी सोपं करून सांगत. रात्रीचं माशाचं कालवण फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी थुलथुलीत होतं. ते जे गोठवतं, तो माशाच्या कातडीतला आणि खवल्यातला चिवट पदार्थ. हाडाचा सांगाडाही मुळात तसल्याच चिवट धाग्यांचा असतो, चुना त्यावर नंतर बसतो. खवल्यांतून तो पदार्थ थंडीत काढायचा, त्याचा बोराएवढा पांढरा स्पंज करायचा आणि जबड्यात जिथे हाड झिजलंय तिथे ठेवायचा. शरीरातल्या हाडाच्या पेशी त्यावर चढतात आणि हळूहळू आपलं हाड बांधतात. स्पंज विरघळून जातो. अडचण एकच. हा स्पंज निर्जंतुक कसा करायचा? उकळला, वाफ दिली, तर कालवण गरम केल्यावर जे होतं तेच होतं. पाणी. आणि जंतू राहिले तर ते हाडाच्या आधी तिथे घर करतात.

यावर सरांनी शोधलेला उपाय म्हणजे थंड प्लाझ्मा. हा शब्द ते पेशंटसमोर उच्चारू द्यायचे नाहीत, कारण करोनानंतर लोकांना प्लाझ्मा म्हटलं की रक्ताची पिशवी आठवते. "वीज आणि हवा म्हणा," ते सांगत. दोन पट्ट्यांमध्ये हवेतून जास्त दाबाची वीज सोडली की हवेचा जांभळट उजेड होतो. गरम होत नाही. त्या उजेडात जंतू मरतात आणि स्पंज जसाच्या तसा राहतो, उलट पेशींना त्यावर बसायला जास्त आवडतं. हे दाखवायची सरांची एक खोड होती. कुणी पाहुणा आला की ते आपली करंगळी सरळ त्या उजेडात धरायचे आणि गप्पा मारत राहायचे. अनुदान देणाऱ्यांकडून आलेल्या एका साहेबांना त्यांनी त्यांचीही करंगळी धरायला लावली. साहेबांनी डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन बोट पुढे केलं आणि मग पाच मिनिटं ते बोट बाहेर काढायला तयार नव्हते. अनुदान मिळालं ते त्या बोटामुळे, असं सरांचं मत होतं.

हे सगळं सरांनी कशासाठी आरंभलं होतं, ते मला कामावर लागून बरेच दिवस झाल्यावर कळलं. हिराबायचे खालचे दात एकेक करत गेले होते. साखरेचा आजार, त्यात जबड्याचं हाड झिजत चाललेलं. काही वर्षांपूर्वी सरांनी स्वतः, स्वतःच्या हाताने, कंपनीकडून आलेले हाडाचे दाणे तिच्या जबड्यात भरले होते. त्यात जंतू झाले. पू झाला. भरलेलं सगळं काढावं लागलं आणि जाताना ते तिचं स्वतःचंही हाड घेऊन गेलं. नंतर मुंबईच्या सर्जनने कमरेचं हाड काढून लावू म्हटलं, तर हृदयाच्या डॉक्टरांनी पूर्ण भूल द्यायलाच मनाई केली. आता उरलं होतं ते एवढंच, की जागेपुरती भूल देऊन भरता येईल असं काहीतरी मिळावं, आणि या वेळी त्यात जंतू होऊ नयेत. दर सहा महिन्यांनी सर तिचा एक्स-रे काढत. खालच्या जबड्याची पट्टी दर वेळी थोडी बारीक झालेली असे. ते फिल्म खिडकीला लावून बघत उभे राहायचे आणि मी माझ्या नळ्या मोजत बसायचे. अशा वेळी त्यांच्याशी बोलायची सोय नसायची.

हिराबायला मात्र भावावर काडीचाही राग नव्हता. तिने एवढंच ठरवून टाकलं होतं की आता दुसऱ्या कुणाला तोंडात हात घालू देणार नाही. जनाचं माशाचं हाड तयार होईल तेव्हा बघू. मार्केटात ती इतर बायांना सांगायची की ही खवलं फेकू नका गो, आमचा जना यातून माझा जबडा करतोय.

ही वीज सोडणारं यंत्र होतं डोंबिवलीला. कॉलेजात जागा नव्हती आणि विजेचं कनेक्शन तेवढं दणकट नव्हतं. दामले नावाच्या एका वयस्कर इंजिनिअरचा तिथल्या औद्योगिक वसाहतीत, फेज टूमध्ये, छोटा कारखाना होता. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर शाई धरावी म्हणून छपाईआधी त्यावर अशीच वीज फिरवतात, ती यंत्रं ते बनवत. सरांशी त्यांची ओळख झाली ती अर्थातच दाढेमुळे. दामल्यांनी कारखान्याचा एक कोपरा पार्टिशन घालून दिला आणि सरांना हवं तसं यंत्र करून दिलं. सर राहायला डोंबिवलीतच, मी कल्याणची, त्यामुळे आम्हा दोघांनाही ते सोयीचं होतं. दामले अतिशय शुद्ध आणि सावकाश बोलत. सर त्यांच्याशी बोलताना स्वतःची भाषाही इस्त्री करून वापरायचे.

यंत्राबद्दल सरांचा एक हट्ट होता. ते साध्या हवेवर चाललं पाहिजे. परदेशात लोक यासाठी आर्गॉनसारख्या वायूचे सिलिंडर लावतात. सरांना ते नको होतं. मुरबाड-शहापूरच्या दवाखान्यात सिलिंडर कोण नेऊन देणार, हवा सगळीकडे असते, असं ते म्हणायचे. दामल्यांना हे फार पटलं होतं. मलाही पटलं होतं.

आणि काम जमेना. म्हणजे धड बिघडतही नव्हतं. जंतू दर वेळी मरत, माझ्या डिशा स्वच्छ असत. पण नंतर त्याच स्पंजवर हाडाच्या पेशी सोडल्या की कधी त्या झकास पसरत आणि कधी सगळ्याच्या सगळ्या मरून तरंगत. आज जमलं म्हणून तेच उद्या तसंच करावं तर उद्या नाही. सरांचा नियम होता की एकदा झालेलं झालं म्हणायचं नाही, लागोपाठ तीनदा झालं तरच बोलायचं. दोनदा आम्ही अनेक वेळा गाठलं. तिसऱ्यांदा कधीच नाही.

निकाल बिघडला की सर ओरडत नसत. बाह्या वर करून ते बेसिनशी जायचे आणि सगळी काचेची भांडी स्वतः घासायला घ्यायचे. स्वच्छ असलेलीही घासायचे. आम्ही एकेकावर संशय घेऊन झालो. पावसाळी दमटपणावर घेतला, तर उन्हाळ्यातही तेच. खवल्यांवर घेतला, तर एकाच माशाच्या खवल्यांतून दोन तऱ्हा निघाल्या. सरांनी माझ्यावरही घेतला आणि काही आठवडे माझं काम माझ्या खांद्यावरून बघत उभे राहिले. मला संताप यायचा. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं की बोलवत नसे. तिकडे एक्स-रेवरची पट्टी बारीक होत होती आणि इकडे आम्ही दोन-अडीच वर्षं भांडी घासत होतो.

याच काळातली एक गोष्ट सांगायला हवी. सर कॉलेजच्या एथिक्स कमिटीवर होते. माणसांवर कुठलाही प्रयोग करायचा तर या कमिटीची परवानगी लागते. आमच्याच एका सहकारी डॉक्टरांनी, चाचण्या पूर्ण न झालेलं एक औषध आपल्या सासूबाईंच्या हिरडीत वापरायची परवानगी मागितली. घरचं माणूस आहे, आनंदाने तयार आहे, सही देते म्हणते. बाकीचे सदस्य मान हलवायला लागले होते. सर म्हणाले, "जी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, तिचं हो मी धरत नाही." आणि परवानगी दिली नाही. ते डॉक्टर वर्षभर सरांशी बोलले नाहीत. हा मला त्या वेळी सरांचा ताठा वाटला होता.

मग एका सकाळी हिराबायचा जबडा मोडला. पडली नाही, कुणी धक्का दिला नाही. भाकरीचा कडक पापुद्रा चावताना कडकन आवाज आला आणि खालचा जबडा एका बाजूला लोंबायला लागला. हाड तेवढं पातळ होऊन गेलं होतं. जबड्याच्या हाडावर आयुष्य घालवलेला तिचा भाऊ त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर नातेवाइकांमध्ये बसून होता, कारण आपल्या माणसाला आपण हात लावायचा नाही हे त्यांनी पहिल्या चुकीनंतर ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी जागेपुरती भूल देऊन बारीक पट्टी आणि स्क्रू लावले. त्यानंतर सर डोंबिवलीला आलेच नाहीत. ठाण्याला, खाडीजवळच्या कोळीवाड्यात, बहिणीच्या खाटेशी राहिले. मी फोन करून विचारायचे, तर म्हणायचे, ठीक आहे, पेज जाते पोटात.

ते परत आले ती दुपार मला लख्ख आठवते. मी आणि दामले कारखान्याच्या फाटकाशी उभे होतो. सर रिक्षातून उतरले, चार पावलं आले आणि थांबले. नाक वर केलं. "मोरे, हा वास कसला?"

मी विचारलं, कसला वास? मला खरोखरच काही येत नव्हता. दामल्यांनी सभ्यपणे दोनदा खोल श्वास घेतला. "मला तर काही जाणवत नाही, डॉक्टर. नेहमीचीच हवा आहे."

"नेहमीचीच," सर म्हणाले.

मार्केटच्या दारातून कुठल्या पाटावरचं पापलेट कालचं आहे ते सांगणारं ते नाक होतं. पण सरांना डोंबिवलीत राहून वीस-बावीस वर्षं झाली होती. आजूबाजूच्या कारखान्यांतून जे काही उडतं, कधी आंबूस, कधी गोडसर, ते आमच्या अंगवळणी पडून गेलं होतं. पाहुणे आले की नाकाला रुमाल लावत आणि आम्ही त्यांना नाजूक म्हणून हसत असू. आमचं यंत्र हीच हवा आत ओढत होतं. वीज फिरली की त्या हवेत जे असेल ते स्पंजवर बसत होतं. वारा दुसरीकडून असेल त्या दिवशी पेशी जगत, आमच्याकडे असेल त्या दिवशी मरत. दोन-अडीच वर्षं आम्ही सगळ्यांवर संशय घेतला होता, फक्त ज्यात उभे होतो ते सोडून.

सर फाटकाच्या पायरीवर बसले. त्यांनी तिथे जे म्हटलं ते मला कधी विसरता आलं नाही. म्हणाले, "बायच्या उशाशी एवढे दिवस बसलो नसतो तर हा वास मला कळलाच नसता." दामल्यांनी त्यांच्यासाठी पाणी आणलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मला त्या वेळी रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं की कशाचं, मला सांगता येणार नाही.

मग सरांनी आपला हट्ट सोडला. आर्गॉनचा सिलिंडर आला, दामल्यांनी यंत्राला बंद पेटी केली. पहिल्यांदा जमलं. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदाही पेशी स्पंजभर पसरल्या. मी सरांना सूक्ष्मदर्शक दिला आणि बाजूला झाले. ते बराच वेळ बघत राहिले. नंतर बेसिनशी गेले आणि भांडी घासायला लागले. निकाल बिघडलेला नसताना त्यांनी भांडी घासलेली मी पहिल्यांदाच बघितली.

हिराबायला ते कळलंच. खवलं न्यायला मी मार्केटात गेले होते तेव्हा तिथल्या बायांजवळ मीच बोलून गेले असेन. पुढच्या वेळी सर आणि मी तिच्या घरी गेलो, तेव्हा ती खाटेवर उठून बसली होती. जबड्यामुळे तिचं बोलणं जरा दाबून यायचं. म्हणाली, "जना, झाला ना रे तुझा? मंग टाक. मी कोनाला बोलनार नाय."

सरांनी तिला समजावून सांगितलं. विद्यार्थ्यांना सांगत तसंच, एकेक पायरी. डिशमध्ये जमलं म्हणजे तोंडात जमेल असं नाही. आता आधी सशांवर बघायचं, मग परवानग्या, मग ज्यांना आपण ओळखत नाही अशा माणसांवर, थोड्या थोड्यांवर. याला काही वर्षं जातात. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मना समजला," ती म्हणाली. "पन मी कवरी थांबू, ता सांग."

 सरांनी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

काही दिवसांनी ते प्रयोगशाळेत आले आणि फ्रीजमधली तयार स्पंजाची एक बंद डिश काढून बर्फाच्या छोट्या डब्यात ठेवली. मी बघत होते हे त्यांना माहीत होतं. "मोरे, तुम्ही माझ्याबरोबर चला," ते म्हणाले. "एकटा गेलो तर मी काय करीन ते मला सांगता येत नाही." आम्ही डोंबिवलीहून रिक्षाने ठाण्याला निघालो. डबा त्यांच्या मांडीवर होता. मी मनातल्या मनात म्हणत होते की टाका. कमिटी गेली उडत, आम्हाला काय करायचंय, टाका. सरांना कुणी पकडणार नव्हतं. त्यांना अडवणारे फक्त तेच होते.

हिराबायने डबा बघितला आणि काही न विचारता खिडकीच्या उजेडात जाऊन बसली. डोळे मिटले, तोंड उघडलं. सरांनी खिशातला आरसा काढला. मी दाराशी उभी. आरसा तिच्या तोंडात इकडून तिकडे फिरत राहिला. बोटाने ते हिरडी दाबून बघत होते, पुन्हा पुन्हा त्याच जागी. मग त्यांनी खिशातून ताजा एक्स-रे काढून काचेला लावला आणि मला बोलावलं. पट्टी आणि स्क्रू दिसत होते, आणि स्क्रूंना धरायला जे हाड उरलं होतं ते पेन्सिलीच्या शिशाएवढं होतं. नवीन हाडाला धरून वाढायला जुन्या हाडाची भिंत लागते. ती भिंतच उरलेली नव्हती. आता हिरडी उघडली असती तर पट्टीही निखळली असती. परवानगी असती, सगळी कमिटी हात जोडून उभी असती, तरी टाकायला जागा नव्हती. आम्हाला यायला उशीर झाला होता. किती, ते एक्स-रेवर दिसत होतं.

सरांनी आरसा पुसून खिशात ठेवला. हिराबायने तोंड मिटलं, डोळे अजून मिटलेलेच होते. "टाकला का रे?" तिने विचारलं.

"नाय, बाय," सर म्हणाले.

तिने डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. मग उठली आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.

काम थांबलं नाही हेही सांगायला हवं. सर निवृत्त झाल्यावर ते एका मोठ्या संस्थेकडे गेलं, तिथे अजून सुरू आहे. सशांच्या जबड्यात खवल्यांचं हाड धरलं, असं मला कळलं. मी फोन करून सरांना सांगितलं तर त्यांनी ससे किती महिन्यांचे होते ते विचारलं आणि किती वेळा जमलं ते विचारलं. हिराबाय एका पावसाळ्यात झोपेत गेली. त्यानंतर सर डोंबिवलीचं घर आवरून मुलीकडे बेंगळुरूला राहायला गेले. आमचं आता फोनवरच बोलणं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हिराबाय असताना. टिटवाळ्याला मी लहानसा फ्लॅट घेतला होता आणि घरभरणीचं बोलावणं करायला कोळीवाड्यात गेले होते, कारण निवृत्तीनंतर सर दिवसभर तिथेच असत. दुपारची वेळ. दार उघडं होतं. हिराबाय खाटेवर बसलेली, सर समोर स्टुलावर. मध्ये ताटलीत भाजलेला सुका बोंबील आणि वाटीत पेज. बोंबील मिक्सरमधून काढून पेजेत कालवून देतो, असं सर म्हणत होते. ती मान हलवत होती. मिक्सरमध्ये त्याचा चिखल होतो, त्याला बोंबलाची चव राहत नाही, असं तिचं म्हणणं.

"तुला दात नवते तवा मी चावून दिलाय तुला," ती म्हणाली.

सर हसले. मग गंभीर होऊन तिला सांगायला लागले की माणसाच्या तोंडात काय काय असतं. ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? एकेका जंतूला ते नावाने ओळखत होते, कोण कुठे बसतो तेही. जन्मभर त्यांना मारायचा उपाय शोधत होते. साखर असलेल्या माणसाच्या जबड्याचं त्यांच्यापुढे काय होतं, ते त्यांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. हिराबायने सगळं ऐकून घेतलं, आणि हाताचा तळवा उघडून त्यांच्यापुढे धरला.

सरांनी तळव्याकडे बघितलं.  मग बोंबलाचा एक तुकडा तोडला आणि आपल्या तोंडात घातला. सावकाश, दोन्ही बाजूंनी, विद्यार्थ्यांना दाखवायचे तसा नीट चावला. तो मऊ लगदा त्यांनी तिच्या तळव्यावर ठेवला. तिने तो जिभेवर घेतला आणि डोळे मिटून टाळूशी दाबत राहिली. मी उंबऱ्याबाहेर होते. चप्पल काढली नव्हती. त्या दोघांनी मला पाहिलं नव्हतं आणि मला आत जाववेना.

"आनी दे," ती म्हणाली.

सर दुसरा तुकडा तोडायला लागले.